कार्बन डॉट, नॅनोडायमंड की नॅनोट्यूब? पाण्यातलं तांबं मोजायला एक, पेशी बघायला दुसरं

द्राक्षाच्या चोथ्यापासून कार्बन डॉट, म्हणजे चमकणारे अतिसूक्ष्म कार्बनी कण, बनवायचे, त्यांनी नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडच्या शेततळ्यातलं तांबं मोजायचं आणि उरलेल्या द्रावणात पेशी भिजवून निळे फोटो काढायचे. प्रकल्पाचा हा आराखडा कागदावर फार देखणा दिसतो. कच्चा माल गावचा, प्रश्न गावचा, शिवाय एका दगडात दोन पक्षी. अडचण एकच आहे. ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध गुण मागतात.

सेन्सर हळवा हवा. आसपास तांब्याचे चार आयन आले की त्याची चमक ढळली पाहिजे. पेशीत सोडायची खूण मात्र निबर हवी. पेशीच्या आत पीएच बदलतो, प्रथिनं चिकटतात, लोह-तांबं असतं, लेझरचा मारा असतो, आणि एवढं सोसून तिनं तसंच चमकत राहायला हवं. म्हणून ‘सेन्सिंग आणि इमेजिंग दोन्हींसाठी’ असं शीर्षक दिसलं की आधी विचारावं, यातलं कुठलं काम नीट झालंय?

रिंगणात कोण कोण आहे

कार्बन डॉट म्हणजे साधारण दहा नॅनोमीटरहून लहान कार्बनी कण. २००४ मध्ये अमेरिकेत नॅनोट्यूबची काजळी शुद्ध करताना जेलवर अनपेक्षितपणे चमकणारे पट्टे दिसले, तिथून ही गोष्ट सुरू झाली. ‘कार्बन डॉट’ हे नाव २००६ मध्ये रुळलं. हे कण पाण्यात विरघळल्यासारखे राहतात, भट्टीत एका दिवसात तयार होतात, आणि पृष्ठभागावरच्या अमाइन-कार्बोक्सिल गटांमुळे धातूंना पकडतात. हळवेपणा हा त्यांचा स्वभावच आहे.

ग्राफीन क्वांटम डॉट हे त्यांचे चुलतभाऊ, चपट्या एक-दोन थरांचे. ग्राफीन ऑक्साइड कापून ते करायचे तर आधी हमर्स पद्धत करावी लागते, म्हणजे तीव्र सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम परमँगनेट. त्यात तापमान हाताबाहेर गेलं तर मँगनीज हेप्टॉक्साइड साचून स्फोट होऊ शकतो. त्यापेक्षा २ ग्रॅम सायट्रिक आम्ल २०० अंशांवर वितळवून अर्ध्या तासात नारिंगी होऊ द्यावं आणि लिटरला १० ग्रॅम ताकदीच्या १०० मिली सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थेंब थेंब सोडावं. मात्र असा माल ‘ग्राफीन’ म्हणायला टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) अणूंची जाळी दाखवावी लागते. ती दाखवता येत नसेल तर कार्बन डॉट म्हणून मोकळं व्हावं. निर्णयाच्या दृष्टीनं दोघांत फार फरक नाही, म्हणून पुढे त्यांना वेगळं धरलेलं नाही.

फ्लुरोसंट नॅनोडायमंडमध्ये चमकतो तो हिऱ्यातला दोष. एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी. हिरव्या प्रकाशात (५३२ किंवा ५६१ नॅनोमीटर) तो ६०० ते ८०० नॅनोमीटरमध्ये लाल चमकतो. चमकणारी जागा हिऱ्याच्या आत कोंडलेली असल्यानं बाहेरचा धातू तिला सहसा शिवत नाही. ती विझत नाही, लुकलुकतही नाही.

नॅनोट्यूब, म्हणजे एकपदरी कार्बन नळ्या, ९०० ते १६०० नॅनोमीटरच्या अदृश्य पट्ट्यात चमकतात. हे २००२ मध्ये राइस विद्यापीठात दिसलं. ऊती त्या पट्ट्यात स्वतः फारशा चमकत नाहीत आणि प्रकाश कमी विखुरतात, म्हणून खोलवर बघायला हा पट्टा सोन्यासारखा. पण साधा सिलिकॉन कॅमेरा १००० नॅनोमीटरच्या आसपास आंधळा होऊ लागतो. पुढचं बघायला इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड डिटेक्टर लागतो.

माल निवडण्याआधी यंत्र बघा

घरात कुठला दिवा आणि कुठला डिटेक्टर आहे, यावर अर्धा निर्णय ठरतो. स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर (द्रावणाची चमक मोजणारं यंत्र) आणि ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च एवढंच असेल तर कार्बन डॉटनी धातू मोजणं हेच काम घ्यावं. साधा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप असेल तर त्याचे फिल्टर क्यूब उघडून बघा. डॅपीचा (केंद्रक निळं दाखवणाऱ्या डायचा) क्यूब ३५० च्या आसपास उत्तेजन देतो, म्हणून निळे डॉट दिसतील. कॉन्फोकलवर (लेझरनं बघणाऱ्या मायक्रोस्कोपवर) सहसा सर्वांत लहान लेझर ४०५ चा असतो. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइनचे प्रसिद्ध डॉट ३५० ला जोरात शोषतात, ४०५ ला त्यांची फक्त शेपटी पोहोचते. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) डोळे दिपवणारा माल कॉन्फोकलवर मलूल का पडतो, याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. तेव्हा माणूस गेन, म्हणजे डिटेक्टरची संवेदनशीलता, वाढवतो, आणि मग पेशींचीच स्वतःची चमक डॉटची म्हणून छापली जाते.

नॅनोट्यूबसाठी योग्य डिटेक्टर नसेल तर तो विषय तिथेच बंद करावा. उधारीच्या यंत्रावर तीन भेटींत तो मार्गी लागत नाही.

तांबं मोजायचं असेल तर

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात हा प्रश्न खरा आहे. एक टक्का बोर्डो (बागेवर फवारायचं बुरशीनाशक) म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे फवारणीच्या लिटरभर द्रावणात अडीच ग्रॅम तांबं, ४० मिलिमोलर. हजारपट पातळ झालं तरी ४० मायक्रोमोलर उरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. ती होते ०.८ मायक्रोमोलरच्या जवळपास. पर्यायी स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे २४ मायक्रोमोलर. कार्बन डॉटचा नेहमीचा पल्ला याच टप्प्यात बसतो.

आता पारा घ्या. मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे ५ नॅनोमोलर. ‘एक मायक्रोमोलरपर्यंत पारा ओळखतो’ असा सेन्सर मर्यादेच्या दोनशेपट पुढे गेल्यावर जागा होतो. आलेख कितीही सरळ असो, पिण्याच्या पाण्यासाठी तो निरुपयोगी. धातू निवडताना हा हिशेब पहिल्या दिवशी करा.

चोथा घ्यावा की सायट्रिक आम्ल? आमचं मत स्पष्ट आहे: सेन्सरसाठी बाटलीतलं रसायन. थॉमसन द्राक्षाचा जानेवारीतला चोथा आणि मार्चमधला चोथा यांत साखर, टॅनिन, पोटॅशियम सगळं वेगळं असतं. वर बागेत बोर्डो मारलेलं असेल तर तांबं मोजणाऱ्या मालातच आधीपासून तांबं. पुढच्या बॅचला नवं कॅलिब्रेशन (चमकेवरून तांबं काढायचा आलेख), त्याच्या पुढच्या बॅचला आणखी नवं. चोथ्याचा माल वाईट चमकतो असं नाही, तो पुन्हा तसाच मिळत नाही.

जुनी, खात्रीची कृती अशी. सायट्रिक आम्ल मोनोहायड्रेट १.०५ ग्रॅम, इथिलीनडायअमाइन ३३५ मायक्रोलिटर, डिस्टिल्ड पाणी १० मिली. दोन्ही पाच-पाच मिलिमोल होतात. बाटलीवर ‘अनहायड्रस’ लिहिलं असेल तर ०.९६ ग्रॅम घ्या. ही चूक सर्रास होते आणि मग अमाइनचं प्रमाण बदलतं. इथिलीनडायअमाइन धुरकट असतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पांढरं कवच धरतं. तोंडाशी पांढरी बुरशी दिसणारी जुनी बाटली वापरू नका, आणि काम हूडमध्येच करा. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये, दोन-तृतीयांशाहून कमी भरून, २०० अंशांवर पाच तास. या तापमानाला नुसत्या पाण्याच्या वाफेचा दाब १५ बारवर जातो, म्हणून भट्टीतून गरम काढून नळाखाली धरणं हा आत्मघात आहे. भट्टीतच थंड होऊ द्या, रात्र गेली तरी चालेल. टेफ्लॉन २२० अंशांपुढे मऊ पडून सरकतं आणि गळती सुरू होते. मधेच वीज गेली तर ती बॅच कॅलिब्रेशनला घेऊ नये, डायलिसिसचा सराव करायला ठेवावी.

खरा कस डायलिसिसमध्ये, म्हणजे सच्छिद्र नळीतून लहान रेणू बाहेरच्या पाण्यात जाऊ देण्यात, लागतो. या कृतीत कार्बन कणांबरोबर एक लहान रेणूही तयार होतो, तो स्वतःच जबरदस्त निळा चमकतो, आणि ‘८० टक्के क्वांटम यील्ड’च्या (शोषलेल्या प्रकाशापैकी किती परत चमकतो, त्याच्या) बातमीत त्याचा मोठा वाटा असतो. तापमान कमी ठेवलं तर रेणूचा वाटा वाढतो. म्हणून ५०० ते १००० डाल्टनची (एवढ्या वजनापर्यंतचे रेणू बाहेर सोडणारी) नळी घ्या. दुकानात सहज मिळणारी १२-१४ हजार डाल्टनची नळी प्रथिनांसाठी आहे, तिच्यातून डॉटही निसटतात. दर चार-सहा तासांनी बाहेरचं पाणी बदला, आणि प्रत्येक वेळी अंधारात त्यावर यूव्ही टॉर्च मारा. बाहेरचं पाणी चमकायचं थांबेपर्यंत थांबायचं, मग ते दोन दिवस असोत की चार. आतला माल मग ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढून, शक्य असल्यास फ्रीझ-ड्राय करून, अंधारात ४ अंशांवर ठेवा. डायलिसिसनंतर चमक निम्म्यावर आली तर घाबरू नका. आता जे उरलंय ते तुमचं.

क्वांटम यील्ड क्विनिन सल्फेटशी ताडतात: ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्लात ५४ टक्के. आम्ल सल्फ्युरिकच हवं, क्लोराइड क्विनिनला विझवतं. हायड्रोक्लोरिक वापरलंत तर संदर्भ मंद होईल आणि तुमचा डॉट फुकटात हुशार ठरेल. दोन्हींचा अ‍ॅब्झॉर्बन्स (प्रकाश शोषणाचं माप) उत्तेजनाच्या तरंगलांबीला ०.१ च्या खाली ठेवा, ०.०५ उत्तम.

मोजताना बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) १० मिलिमोलर एमईएस, पीएच ६. ट्रिस नको, तो स्वतःच तांबं धरतो. फॉस्फेट नको, धातू खाली बसतात. क्युव्हेटमध्ये २ मिली द्रावण, प्रत्येक वेळी तांब्याचं प्रमाणित द्रावण काही मायक्रोलिटर, ढवळा, पाच मिनिटं थांबा, ३५० ला उत्तेजन देऊन ४४०-४५० च्या शिखराची उंची नोंदवा. एकूण भर ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर नुसतं पातळ झाल्यानंच चमक उतरते. कोऱ्या नमुन्याची दहा मोजमापं घ्या, त्यांचं प्रमाण विचलन तिप्पट करून कॅलिब्रेशन रेषेच्या उतारानं भागलं की ओळखण्याची किमान मर्यादा मिळते. तीनच मोजमापांवर काढलेली मर्यादा म्हणजे नशीब. ३५० ला उत्तेजन असताना ३९७ च्या आसपास जे छोटं टेकाड दिसतं ते डॉटचं नसून पाण्याचं रामन विकिरण असतं. उत्तेजन बदललं की तेही सरकतं, आणि ‘उत्तेजनानुसार रंग बदलणारे डॉट’ म्हणून बातमी होते. नुसत्या पाण्याचा वर्णपट आधी घेऊन ठेवला की हा भ्रम राहत नाही.

लोहाचं प्रकरण वेगळंच आहे. फेरिक आयन स्वतः ३५० च्या आसपास प्रकाश गिळतो. उत्तेजनाला अ‍ॅब्झॉर्बन्स ०.३ झाला तर डॉटला काहीही न होता चमक जवळजवळ ३० टक्के कमी दिसते. यालाच इनर फिल्टर परिणाम म्हणतात. दुरुस्ती सोपी आहे: उत्तेजन आणि उत्सर्जन या दोन तरंगलांबींच्या अ‍ॅब्झॉर्बन्सची बेरीज करून निम्मी घ्या, दहाचा तेवढा घात काढा आणि मोजलेल्या चमकेला त्यानं गुणा. दुरुस्तीनंतर क्वेंचिंग (चमक विझणं) गायब झालं तर तुमच्याकडे सेन्सर नव्हता, रंगीत गाळणी होती. शिवाय पीएच ७ ला फेरिक आयन मोकळा राहतच नाही, हायड्रॉक्साइडचा बारीक गाळ होतो. पहिल्याच प्रकल्पाला लोह घेऊ नये असं म्हणण्याचं कारण हेच. पाण्यात लोहाची शंका असेल तर फ्लोराइड घालून ते झाकता येतं, पण फ्लोराइडनं तांब्याचा उतार बदलत नाही ना, हे वेगळं तपासावं लागतं.

खऱ्या पाण्यात आणखी तीन खड्डे आहेत. एक, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. ते डॉटचा पृष्ठभाग ऑक्सिडाइज करून चमक घालवतं. ते काढायला सोडियम थायोसल्फेट घालण्याचा मोह होतो, पण थायोसल्फेट तांबं आणि पारा दोन्ही पकडतो. पसरट भांड्यात पाणी रात्रभर उघडं ठेवावं आणि क्लोरीन गेलं का ते पट्टीनं बघावं. ओळखायची युक्ती: ईडीटीए (धातूला पकडणारं रसायन) घातल्यावर चमक परतली तर तांब्यासारखा धातू होता, परतली नाही तर क्लोरीनची शंका घ्या. दोन, पावसाळ्यातलं गोदावरीचं पाणी. त्यातले ह्यूमिक (कुजलेल्या पालापाचोळ्याचे) पदार्थ स्वतःच निळे चमकतात, अगदी डॉटच्या जागी. डॉटशिवाय नुसत्या नमुन्याचा वर्णपट वजा केल्याशिवाय आकडा लिहू नका. तीन, तापमान. द्रावण तापलं की चमक उतरते. निफाडचा पारा डिसेंबरात एक आकडी होतो आणि मे महिन्यात नाशिक चाळिशीला टेकतं. वातानुकूलन नसलेल्या खोलीत डिसेंबरचं कॅलिब्रेशन मे महिन्यात चालत नाही. क्युव्हेट होल्डरला २५ अंशांचं पाणी फिरवा, नाहीतर त्याच दिवशी कॅलिब्रेशन करा.

नमुन्यात ५, १०, २० मायक्रोमोलर तांबं मुद्दाम घालून किती परत मिळतं ते बघा, आणि निदान तीन-चार नमुने धातू मोजायच्या खात्रीच्या यंत्रावर, म्हणजे अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्झॉर्प्शनवर ताडून घ्या. गाळण्याआधी आम्ल घातलंत तर मातीला चिकटलेलं तांबंही मोजलं जाईल. विरघळलेलं हवंय की एकूण, हे आधी ठरवा.

नॅनोडायमंड या कामाला बाद. नॅनोट्यूब धातूंसाठी वायफळ खर्च आहे. तिचं सेन्सिंगमधलं खरं घर जैविक रेणू, उदाहरणार्थ डीएनए गुंडाळलेल्या नळ्यांनी डोपामाइन ओळखणं.

पेशी बघायच्या असतील तर

इथे पारडं फिरतं. निळ्या डॉटचा पहिला शत्रू पेशी स्वतःच. पेशीतलं एनएडीएच (ऊर्जेच्या कामातला तिचा स्वतःचा रेणू) ३४० ला उत्तेजित होऊन ४६० ला चमकतं. केंद्रकासाठी डॅपी वापरली तर तीही ४६० लाच. म्हणजे डॉट, पेशी आणि डाय तिघं एकाच खिडकीत. डॉटच वापरायचे असतील तर लालकडे सरकलेले घ्या. फिनिलीनडायअमाइनचे तीन समघटक इथेनॉलमध्ये १८० अंशांवर १२ तास तापवले तर मेटा निळे, ऑर्थो हिरवे आणि पॅरा लाल डॉट देतो. २०१५ पासून हे माहीत आहे. पॅरा म्हणजे केसांच्या काळ्या रंगातलंच रसायन, त्वचेला अ‍ॅलर्जी आणतं. दुहेरी हातमोजे घाला आणि न बदललेलं रसायन सिलिका कॉलमवर काढून टाका, नाहीतर पेशी मरतील आणि दोष डॉटवर जाईल.

पॉलिइथिलीनइमाइनचं आवरण असलेले डॉट तांब्यासाठी फार चांगले, कारण अमाइन तांब्याला घट्ट धरतं. पण तेच धन आवेशाचं आवरण पेशीच्या पडद्याला इजा करतं. एकाच मालानं दोन्ही कामं का होत नाहीत, याचं याहून सोपं उदाहरण नाही.

पेशींना डॉट देताना मिलीला १०० मायक्रोग्रॅम, चार तास, मग फॉस्फेट सलाइननं तीन वेळा धुणं, ही चांगली सुरुवात. तुलनेला हवंच हवं ते असं: डॉट न दिलेल्या पेशी, त्याच गेनवर, त्याच एक्स्पोजरवर. दुसरी तुलना डायलिसिसच्या बाहेरच्या पाण्याची, म्हणजे लहान रेणूंची. त्यानंही पेशी तशाच उजळल्या तर फोटोतलं श्रेय डॉटचं नाही. तिसरी ४ अंशांवर ठेवलेल्या पेशींची. थंडीत एंडोसायटोसिस (पेशीनं कण गिळणं) थांबतो. तरीही आत चमक दिसली तर डॉट झिरपत आहेत किंवा पेशी आधीच मेल्या आहेत.

पेशी किती जिवंत ते रंगावरून सांगणाऱ्या एमटीटी चाचणीतही डॉट लबाडी करतात. त्यांचे पृष्ठभागावरचे गट एमटीटीला स्वतःच क्षपित करून जांभळा रंग देऊ शकतात, आणि तपकिरी डॉट ५७० ला थोडं शोषतात. म्हणून प्रत्येक मात्रेला ‘डॉट आहेत, पेशी नाहीत’ अशा तीन विहिरी (ताटलीतले खड्डे) ठेवून तो आकडा वजा करावा. पेशींची जीवितता १२० टक्के आली की आनंद मानण्याआधी या विहिरी बघाव्यात.

नॅनोडायमंड घरी बनत नाही. उच्च दाबाचा हिरा, इलेक्ट्रॉनचा मारा, निर्वातात ८०० अंशांवर तापवणं, हे कॉलेजच्या आवाक्यातलं नाही. तयार द्रावणच विकत घ्यावं लागतं, आणि ते मिलिग्रॅमच्या हिशेबात येतं. पण एका पेशीमागे तासन्‌तास जायचं असेल तर त्याला तोड नाही. आकार निवडताना लक्षात ठेवा, चमक घनफळाबरोबर घटते. १०० वरून ३५ नॅनोमीटरवर आलात तर घनफळ वीसपटीहून जास्त उतरतं. साध्या यंत्रावर ३५ चे कण शोधत बसण्यापेक्षा १०० चे घ्या. माध्यमात थेट टाकले की मिठामुळे गोळे होतात. आधी दहा मिनिटं सोनिकेटर बाथ, मग एक टक्का अल्ब्युमिनमध्ये मिसळून आवरण होऊ द्या, मग माध्यमात मिलीला १० मायक्रोग्रॅम. ५६१ चा लेझर आणि ६५० चा लाँग-पास फिल्टर असला की पेशीची स्वतःची चमक जवळजवळ मागे पडते.

नॅनोट्यूबसाठी १ मिग्रॅ नळ्या, १ मिग्रॅ एकपदरी डीएनए, १ मिली ०.१ मोलर मीठ, बर्फात टिप सोनिकेशन दहा मिनिटं, १६,००० जी वर दीड तास, आणि वरचं द्रव काळजीपूर्वक काढणं. तळाचं काळं ढवळलं की गुच्छ परत येतात आणि चमक मरते, कारण गुच्छातली एक धातुगुणी नळी शेजारच्या अर्धवाहक नळ्यांना विझवते. कोरडी पूड हवेत उडू देऊ नका, ओल्यातच हाताळा.

मग घ्यायचं काय

सहा महिन्यांचा एम.एस्सी. प्रकल्प, हातात स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर: सायट्रिक आम्लाचे डॉट आणि तांबं. पेशींचा विषय जोडू नका, त्या वेळात डायलिसिस आणि अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्झॉर्प्शनचा ताळा पूर्ण करा. चोथ्याचा आग्रहच असेल तर तो तुलनेसाठी घ्या: एकाच बागेतल्या तीन तोडणींचे तीन माल, आणि त्यांचे उतार किती हलतात तेच निष्कर्ष म्हणून लिहा. हा निकाल खरा असेल आणि उपयोगीही.

पीएच.डी. आणि कॉन्फोकलची सोय असेल तर लाल डॉट आणि विकतचे नॅनोडायमंड शेजारी शेजारी ठेवा. पेशींच्या ओळी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येतात. पण इनक्युबेटरला वीज सलग मिळण्याची सोय आधी करा, पेशी नंतर.

टीईएमसाठी पुण्या-मुंबईला नमुने पाठवताना एक गोष्ट विसरू नका. नमुना ठेवायची नेहमीची जाळी तांब्याची असते. डॉटवर तांबं बसलंय हे एक्स-रे वर्णपटानं दाखवायचं असेल तर निकेल किंवा सोन्याची जाळी मागा. नाहीतर वर्णपटात तांब्याचं उंच शिखर हमखास येईल, आणि ते जाळीचं असेल.